यादीत पगार कुठे आहे?

देवळाली कॅम्पात लॅम रोडवर सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पा महागाईवर आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पंच्याहत्तर साली बघा, काय स्वस्ताई होती!’ त्यापाठोपाठ भावांची यादी येते. सोनं ५४० रुपये तोळा, मग साखर, तेल, सिनेमाचं तिकीट, चहाचा कप. यादी संपली की निष्कर्ष येतो. तेव्हा माणसं थोडक्यात भागवत, समाधानी असत, शिस्तीत राहत, गाड्या वेळेवर धावत आणि गाणी घरातल्या सगळ्यांनी मिळून ऐकावीत अशी असत. आताच्या पिढीला मात्र काहीच पुरत नाही.

मला या म्हणण्याचा प्रतिवाद करायचा आहे. आठवणींत रमणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण ही यादी आता नुसती आठवण राहिलेली नाही. महिनाअखेरीस दुकानदारापुढे हिशेब करत उभ्या असलेल्या सुनेला ‘तुम्हाला खर्च आवरत नाही’ असं ऐकवायला ती वापरतात. आणीबाणीला प्रशस्तिपत्र द्यायलाही तीच वापरतात. म्हणून ती एकदा नीट तपासली पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे या यादीत पगार कधीच नसतो. तिसऱ्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९७३ पासून, केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याची वेतनश्रेणी १९६ ते २३२ रुपये होती आणि कनिष्ठ लिपिकाची २६० ते ४०० रुपये. कॅम्पातल्या आणि नाशिकरोडच्या हजारो घरांत याच श्रेणीतला पगार येत होता. आता ५४० रुपयांचं सोनं त्याशेजारी ठेवा. शिपायाचं जवळजवळ तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि कारकुनाचं दोन महिन्यांचं, एवढी त्या ‘स्वस्त’ तोळ्याची किंमत होती. त्यातून १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा लागू होता. सोन्याची वळी वा बिस्किट सामान्य माणसाला घरात ठेवता येत नव्हतं, दागिनाच करावा लागे.

त्या पगाराचं पुढच्या दोन वर्षांत काय झालं? औद्योगिक कामगारांच्या किमतींचा निर्देशांक तेव्हा १९६० साल १०० धरून काढत. आयोगाने पगार ठरवताना तो २०० धरला होता. १९७२-७३ ची सरासरी दोनशेच्या थोडी वर होती आणि १९७४-७५ ची तीनशेच्याही पुढे गेली. म्हणजे दोन वर्षांत घरखर्च दीडपट झाला. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं, खनिज तेलाची पिंपामागची किंमत तीन डॉलरवरून अकरा-बारा डॉलरवर गेली, आणि आधीच दुष्काळाने मोडलेल्या देशावर तो दुसरा घाव बसला. स्वतंत्र भारताने त्याआधी असा भाववाढीचा तडाखा पाहिला नव्हता. ज्या वर्षांना आपण स्वस्ताईचा काळ म्हणून मिरवतो, ती नेमकी ही वर्षं आहेत.

‘पण आकडे तर लहान होते ना,’ असं विचारतात. होते, आणि म्हणूनच ते आजच्या मापात आणून पाहायला हवेत. निर्देशांकाची मालिका तीनदा बदलली, १९८२, २००१ आणि २०१६ या नव्या पायाभूत वर्षांवर. जुनी मालिका नवीला जोडण्यासाठी सरकारी श्रम कार्यालयाने गुणक दिले आहेत: ४.९३, ४.६३ आणि २.८८. ते गुणून पाहिले की १९७५ पासून आजवर साधारण तीसपट भाववाढ झाल्याचं दिसतं. १९६ रुपयांना तीसने गुणा. सहा हजारांच्याही आत रक्कम येते. तेव्हाचा महागाई भत्ता धरला तरी ती दहा हजारांच्या आसपासच राहील. आज त्याच पायरीवरच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन १८,००० आहे आणि भत्ते त्यावर. मजुराचंही तेच. रोजगार हमीच्या कामावर त्या काळी दिवसाला तीन रुपयांच्या आसपास मजुरी पडे. तीसने गुणली तर नव्वद होते. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी मनरेगाची मजुरी ३१२ रुपये होती. ३१२ रुपयांत आज कुटुंब नीट जगतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण नव्वद रुपयांत जगणारं कुटुंब सुखात होतं असं कुणी म्हणत असेल, तर त्याने ते त्या मजुराच्या तोंडावर म्हणून दाखवावं.

काही गोष्टी खरोखरच आवाक्याबाहेर गेल्या. सोनं तीसपटीपेक्षा कितीतरी जास्त वाढलं. कॅम्पात किंवा भगूरला चार खोल्यांचं घर बांधणं तेव्हा मध्यम पगाराच्या माणसाला जमायचं, आता आयुष्यभराचं कर्ज काढावं लागतं. मुलांचं शिक्षण आणि दवाखाना यांचा खर्च तर कोणत्याच निर्देशांकात मावत नाही. आजच्या तरुण जोडप्याची तक्रार या तीन ठिकाणी रास्त आहे आणि तिला उत्तर मिळालं पाहिजे. गंमत अशी की स्वस्ताईची यादी वाचणारे नेमकी हीच तक्रार उडवून लावतात आणि चहा-साखरेवर बोलत राहतात.

यादीत दुसरी एक गोष्ट नसते. माल होता की नव्हता, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. फळ्यावरचा भाव आणि पिशवीत पडलेलं धान्य यांत त्या वर्षांत मोठं अंतर होतं. १९७२ चा दुष्काळ आठवा. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत, माती वाहत होती. नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर-येवल्याकडच्या बाया पोरं पाठीशी बांधून त्या कामांवर गेल्या. सुकडी वाटली गेली. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळाला. तो दळला तर भाकरी थापता येईना, थापली तर चिरे, आणि खाल्ली तर घशाखाली उतरेना. तरी त्यासाठी रांग लागायची. त्या मिलोचा भाव किती कमी होता, हे सांगून आज कुणाला काय सिद्ध करायचं आहे?

पाऊस परतला तरी रांगा हटल्या नाहीत. रॉकेल, डालडा, साखर, मैदा, कोळसा, सगळ्यालाच रांग होती. मी तेव्हा शाळकरी होतो. माझी आई पहाटे रॉकेलचा डबा रांगेत ठेवून घरी येई, चूल पेटवी, आम्हाला उठवी आणि पुन्हा डब्याजवळ जाऊन उभी राही. दुपारी कधी डबा अर्धा भरून येई, कधी रिकामाच. ‘संपलं’ एवढाच निरोप असे. मागच्या दाराने तेच रॉकेल जास्त पैशांना मिळतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. यादीतला भाव पुढच्या दाराचा असतो. जो खरोखर मोजावा लागला तो मागच्या दाराचा भाव, आणि तो कुणी कुठे लिहून ठेवला नाही. गॅसच्या शेगडीसाठी, स्कूटरसाठी, टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. वस्तू स्वस्त पण मिळत नाही, याला स्वस्ताई म्हणायचं का?

बायकांनी हे मुकाट सोसलं नव्हतं. मुंबईत १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एका व्यासपीठावर आल्या. लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या, मंत्र्यांना घेराव घातले, साठेबाजांच्या गोदामांवर धडकल्या. त्यांतल्या बहुतेकींनी त्याआधी कधी मोर्चात पाऊल टाकलं नव्हतं. स्वस्ताईच्या काळात घरातली बाई लाटणं घेऊन मंत्रालयाकडे निघते का, एवढा एकच प्रश्न मी यादीवाल्यांना विचारतो.

मग आमच्या कॅम्पात ही आठवण एवढी पक्की का बसली आहे? याचं उत्तर कॅम्पाच्या रचनेत आहे. देवळाली हे छावणीचं गाव. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, वायुदलाचा तळ, लष्कराची कार्यालयं, त्यांच्या भोवती कॅन्टोन्मेंट बोर्डाचे रस्ते आणि फाळणीनंतर येऊन स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांची हौसन रोडवरची दुकानं. हवापालटासाठी बांधलेली पारशी, गुजराती, जैन आरोग्यधामं. इथल्या एका मोठ्या वर्गाला शिधा सरकारकडून मिळत होता आणि बाकी सामान सैनिकी कॅन्टीनमधून, बाजारापेक्षा कमी दराने. साबण, बिस्किटं, ब्लेड, रम, ट्रान्झिस्टर, सगळं कार्डावर. त्यांच्या आठवणीतली स्वस्ताई खोटी नाही. पण ती कॅन्टीनची स्वस्ताई होती. सीमेवर उभं राहणाऱ्या माणसाला देशाने ती दिली, आणि द्यायलाच हवी होती. देशाने दिलेली ती सवलत म्हणजे त्या काळचा बाजारभाव, असं मात्र कुणी समजू नये.

कॅम्पाच्या कुंपणाबाहेर दोन-तीन मैलांवर भगूर, संसरी, नानेगाव, लहवित, बेलतगव्हाण ही गावं आहेत. लॅम रोडवरच्या बंगल्यांत भांडी घासायला येणाऱ्या बाया तिथल्या. आरोग्यधामांत पाणी भरणारे गडी तिथले, बांधकामावरचे मजूर तिथले. स्टेशनवरून पाहुणे आणणाऱ्या टांगेवाल्याला स्वतःच्या पोटाआधी घोड्याच्या हरभऱ्याचा विचार करावा लागे, आणि हरभराही महागला होता. या माणसांकडे कॅन्टीनचं कार्ड नव्हतं, महागाई भत्ता नव्हता, निर्देशांक वाढला म्हणून बंगल्याच्या मालकाने पगार वाढवला असंही नव्हतं. साठ-सत्तर वर्षांच्या ज्या माणसांची स्मृती आज छापली जाते, भाषणात उद्‌धृत होते, ती बहुतेक कार्डवाल्यांची आहे. कार्ड नसलेल्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या नाहीत, कारण त्यांतल्या अनेकांना लिहिताच येत नव्हतं. १९७० ते १९७५ या काळात भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान पन्नास वर्षांच्याही आत होतं. त्या काळच्या किती मोलकरणी, किती गडी आज सकाळी लॅम रोडवर फिरायला येण्याएवढे जगले?

यादी वाचणारा त्या वेळी स्वतः कोण होता, हेही विचारायला हवं. बहुतेकदा तो दहा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. हातात चार आणे पडले की त्याला राजा झाल्यासारखं वाटे. ते चार आणे कुठून काढले, कोणत्या खर्चाला कात्री लावली, हे आईला माहीत होतं. तिने त्याला ते सांगितलं नाही.

आता शिस्तीकडे आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्यांकडे वळतो. मनमाड-मुंबई पंचवटी एक्सप्रेस १ नोव्हेंबर १९७५ ला सुरू झाली, ती आजही देवळालीला थांबते, आणि आणीबाणीने काय दिलं म्हणून विचारलं की इकडचे लोक तिच्याकडे बोट दाखवतात. पण त्याच रुळांवर दीड वर्ष आधी काय घडलं होतं? ८ मे १९७४ ला रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला आणि वीस दिवस चालला. इगतपुरी, मनमाड, भुसावळ ही तर रेल्वेचीच गावं. कामगारांच्या मागण्यांत बोनस होता, महागाई भत्ता होता आणि स्वस्त दरात धान्य मिळावं ही मागणीसुद्धा होती. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी खात्याचा कामगार धान्य मागत होता! त्याला उत्तर म्हणून हजारोंना तुरुंगात टाकलं, नोकरीवरून काढलं, बायका-मुलांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. पुढे गाड्या वेळेवर धावल्या असतील तर त्या वेळापत्रकाची किंमत कुणी मोजली, हेही त्याच दमात सांगावं.

‘आणीबाणीने भाव खाली आणले’ हा दावा तर तारखांपुढेच टिकत नाही. घाऊक भावांचा चढ सप्टेंबर १९७४ मध्ये शिगेला पोहोचला आणि त्यानंतर उतरू लागला. आणीबाणी आली २५ जून १९७५ च्या रात्री, नऊ महिन्यांनी. पुढे १९७५ चा पाऊस उत्तम झाला आणि त्या वर्षी सुमारे १२.१ कोटी टन धान्य पिकलं, तोवरचं विक्रमी. भाव उतरले त्यात पावसाचा आणि शेतकऱ्याच्या कष्टाचा वाटा मोठा आहे. दुसरा वाटा पगारदारांच्या खिशातून घेतला होता. जुलै १९७४ मध्ये सक्तीची ठेव आली आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सरकारने अडकवून ठेवला. सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. कामगाराच्या हातात पैसाच कमी ठेवला आणि मग मागणी घटली म्हणून भाव थांबले. संप करायची सोय उरली नव्हती आणि बातमी छापायला सेन्सॉर होता. आमच्या शेजारच्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात मिसा कायद्याखाली धरलेले राजकीय कार्यकर्ते खटल्याविना बसून होते. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या कुटुंबनियोजनाचं विधेयकही मंजूर केलं होतं. ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झालं नाही, एवढीच सुटका. या सगळ्याला शिस्त म्हणणाऱ्यांनी त्या शिस्तीखाली राहिलेल्या माणसांना विचारलेलं नाही.

गाण्या-सिनेमांचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे, कारण मीही त्याच रेडिओपुढे बसून वाढलो. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला लागली की आळीत शांतता पसरायची. पण त्या कार्यक्रमाच्या १९७५ च्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं गाणं कोणतं होतं? मनोजकुमारच्या ‘रोटी कपड़ा और मकान’ मधली महागाईवरची कव्वाली! बाजारात पिशवीभर पैसे नेऊन मूठभर साखर आणणाऱ्या माणसाचं गाणं त्या वर्षी देशाने सगळ्यांत जास्त ऐकलं. आज स्वस्ताईची यादी वाचणारे गृहस्थ लग्नसमारंभात तेच गाणं ताल धरून म्हणतात आणि त्यात काय म्हटलंय ते त्यांच्या ध्यानात येत नाही. त्या काळाने आपली साक्ष स्वतःच देऊन ठेवली आहे. जानेवारी १९७५ चा ‘दीवार’ गोदीत राबणाऱ्या पोराच्या संतापावर उभा आहे. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा ‘सामना’ साखरेच्या राज्यातल्या सत्तेवर थेट बोट ठेवतो. त्याच वर्षी ‘जय संतोषी मां’ आला आणि गावोगाव बायका चपला काढून थिएटरात बसल्या. त्या व्रताला लागतं काय? गूळ आणि चणे. सोळा शुक्रवार करायला ऐपत नसलेल्या घरालाही परवडेल असा नैवेद्य. ते व्रत त्याच वर्षांत घराघरांत का पसरलं, याचा विचार त्या काळातल्या वाण्याच्या भावाशिवाय पुरा होत नाही.

‘तेव्हाची करमणूक सोज्वळ होती’ हेही खरं नाही. ‘सखाराम बाइंडर’ला १९७२ मध्ये सेन्सॉरने अडवलं आणि कमलाकर सारंगांना न्यायालयात जावं लागलं. दादा कोंडके यांचे चित्रपट, १९७५ चा ‘पांडू हवालदार’ धरून, रौप्यमहोत्सव करत होते आणि प्रतिष्ठित घरांत त्यांच्या द्व्यर्थी संवादांवर नाकं मुरडली जात होती. आज तीच घरं त्यांना निरागस म्हणतात. ‘शोले’मध्ये ठाकूर गब्बरला मारतो असा शेवट चित्रित झाला होता, सेन्सॉरमुळे तो बदलून गब्बरला पोलिसांच्या हवाली करावं लागलं. मे १९७६ मध्ये किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्याची गाणी बंद झाली. ‘विविध भारती’वर आमच्या आवडीचा आवाज ऐकू येईनासा झाला, आणि का, ते कुणी मोठ्याने विचारलं नाही. रेडिओच्या गोड आठवणीत हे महिनेही मोजायला हवेत.

त्या वर्षांनी चांगलं काहीच दिलं नाही असं नाही. देवी या रोगाचा भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि हजारो वर्षांचा तो शाप संपला. मार्च १९७५ मध्ये क्वालालंपूरला भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला. रोजगार हमीसारखी कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली, आणि ती दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या घामातून आली. अभिमान बाळगायचा तर याचा बाळगावा. हे सगळं टंचाईशी झगडत माणसांनी मिळवलं.

म्हणून कॅम्पातल्या, भगूरच्या, नाशिकरोडच्या घरांना माझी विनंती आहे. ट्रंकेत, माळ्यावर, पोथ्यांच्या गठ्ठ्यात त्या काळची रेशनकार्डं असतील, वाण्याच्या उधारीच्या वह्या असतील, पगाराच्या चिठ्ठ्या असतील. त्या रद्दीत घालू नका. घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल तर रॉकेलच्या रांगेत किती वेळ जाई, मिलोच्या भाकरीचं काय केलं आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला पैसे संपत, हे तिला विचारून लिहून काढा. कामाला येणाऱ्या मावशींच्या आईला किंवा सासूलाही विचारा. आणि यापुढे कुणी भावांची यादी वाचू लागलं, तर त्या प्रत्येक भावाशेजारी तेव्हाचा पगार लिहायला सांगा.